झाकणावरचं पाणी

बोथ,
सोमवार, दुपारची भांडी आटोपून

प्रिय चंद्रा,

हे पत्र गाजराबद्दल आहे. आधीच सांगून टाकते, म्हणजे माझं अक्षर पाहून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल तर ती उतरेल. बाबांना पाठवलेल्या पत्रात तू लिहिलंस की अंगात रक्त कमी आहे म्हणून डॉक्टरीणबाईंनी गाजर खायला सांगितलंय, आणि कच्चं गाजर नुसतं पाहिलं तरी तुला मळमळतं. तुझ्या सासूबाई बिचाऱ्या रोज किसून वाटीभर पुढे ठेवतात आणि त्यांची पाठ वळली की तू ते मागच्या दारी गाईला घालतेस. हे वाचून तुझे बाबा हसले. मला नाही हसू आलं. पोटुशी बाई उपाशी राहते यात हसण्यासारखं काय आहे, तूच सांग. म्हटलं, गाजर शिजवायच्या साध्यासुध्या तऱ्हा हिला लिहून कळवाव्यात, तुझ्या पांढरकवड्यालाही गाजरं मिळतातच. तेवढंच. मी लिहिताना जरा पुस्तकी लिहिते, शाळेतल्या बाईंनी तशी सवय लावली. बोलताना मात्र आपलीच बोली, ती तू ऐकली आहेस.

तुझ्या बाबांशी माझं लग्न झालं त्याला येत्या उन्हाळ्यात दोन वर्षं होतील, पण तुझी-माझी गाठ पडली ती अवघी दोनदा. लग्नाच्या दिवशी विहारात तू मागच्या रांगेत उभी होतीस आणि वंदना संपल्यासंपल्या बस धरलीस. त्यामुळे मी कोण, कुठली, हे तुला कुणी नीट सांगितलंच नसेल. मी तामसीकडची. पहिला नवरा लवकर गेला, लेकरूबाळ नाही, म्हणून उटनूरला मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला लागले आणि सगळी उमर तिथल्या चुलीपुढे गेली. जंगलातल्या गावांमधून आलेल्या शेकडो पोरी, एक भलामोठा पातेल्यासारखा गंज, आणि भाजी सगळ्यांना पुरावी म्हणून त्यात ओतलेलं पाणी. ती सवय अशी हाडात भिनली की इथं दोन माणसांची भाजी करतानाही माझा हात आपोआप तांब्याकडे जायचा. गाजर म्हणू नको, वांगं म्हणू नको, सगळं पाण्यात पोहायचं. तुझे बाबा मंडल कार्यालयातले कारकून. लोकांच्या दरख्वास्ती लिहून देण्यात त्यांचा जन्म गेला, पण स्वतःची तक्रार म्हणून कधी तोंडातून काढणार नाहीत. ताटातलं पाणी भाकरीनं टिपून घ्यायचे आणि म्हणायचे, "बेस झालं." मीही अशी खुळी, खरं मानायची.

एक गोष्ट मात्र लिहूनच टाकते, मनात ठेवली तर हात नीट चालायचा नाही. पहिलं बाळंतपण माहेरी, सातव्यात लेकीला आणायला जायचं, म्हणून तुझ्या बाबांनी रजेचं आधीच बोलून ठेवलं होतं. मधल्या खोलीतला पलंग त्यांनी स्वतः खिडकीपासून आत सरकवला, तुला वारा लागू नये म्हणून. आणि तुझं पत्र आलं, की मी येत नाही, इथंच बाळंत होईन, तिकडे आता माझं कोण आहे? ते मोठ्यानं वाचत होते. त्या ओळीशी येऊन थांबले. मी परातीत पीठ मळत होते, ते मळतच राहिले. त्यांना वाटलं असतं तर ती ओळ गाळता आली असती, पण त्यांना खोटं वाचता येत नाही, म्हणून तीही वाचली, हळू आवाजात. मग त्यांनी चष्मा पुसला आणि उगाच बाहेर जाऊन पाण्याचा रांजण भरलेला आहे का ते पाहून आले. मला वाईट वाटलं का? वाटलं. खोटं कशाला बोलू? पण तुझा राग नाही आला. असो, गाजराकडे वळते.

आपल्या बाजारात आता लाल गाजरं आली आहेत. विकणारी बाई "तिय्यगा उंटायम्मा" म्हणत हातात देते, गोड निघतील म्हणून. तिच्यावर विश्वास ठेवू नये. आपण एक मोडून पाहावं. टचकन मोडलं तर घ्यायचं, नुसतं वाकलं तर परत तिच्या टोपलीत. मधला दांडा पिवळा आणि कडक असेल तर तो काढून टाक, पोटात जड पडतो. तुला कच्च्याची शिसारी आहे ना, मग किसलेलं गाजर तसंच खाऊ नकोस. पळीत थोडं तेल तापव, मोहरी तडतडू दे, चिमूटभर हिंग आणि एक हिरवी मिरची मोडून टाक, आणि ती फोडणी किसावर ओतून वर लगेच झाकण ठेव. गरम फोडणीच्या वाफेनं किस जरासा नरमतो आणि कच्चा वास मरतो. मग लिंबू पिळ, मीठ घाल. सकाळी उठल्याउठल्या पोट ढवळतं तेव्हा भाकरीच्या तुकड्याशी एवढंच खा, बघ राहतं की नाही. दही घालशील तर दुपारी घाल, आणि आंबट नको.

भाजी भाजी म्हणून कंटाळा आला तर गाजराचे बोटाएवढे तुकडे वाफवून त्यावर जवसाची चटणी भुरभुरायची. जवस भाजताना हात हलवत राहा, करपला की कडू होतो, मग गायसुद्धा खायची नाही. आणि खरं सांगू, गाजराची सगळ्यात चांगली तऱ्हा चुलीतच असते. लहानपणी आम्ही ज्वारीच्या राखणीला जायचो तेव्हा शेकोटीच्या राखेत आख्खं गाजर पुरून ठेवायचो, वरचं साल काळं झालं की काढायचं, फुंकर मारत सोलायचं आणि मीठ-तिखटात बुडवून खायचं. बोटं भाजायची, जीभ भाजायची, पण कुणी थांबायचं नाही. तुझ्याकडे आता गॅस आहे म्हणे. मग सासूबाईंच्या पाणी तापवायच्या चुलीत एखादं टाकून बघ, त्या नको म्हणणार नाहीत. त्यांचा स्वभाव मऊ आहे, हे तुझ्या पत्रांवरून कळतं. तू गाजर गाईला घालतेस हे त्यांना नक्की माहीत असणार.

आता जी भाजी तुला खरोखर सांगायची आहे, तिच्याकडे यायला मला मागच्या थंडीत जावं लागेल. तुझ्या आईच्या स्मृतिदिनाच्या पुण्यानुमोदनाला तू आली होतीस. आपली ती दुसरी भेट. पाहुणे होते, भन्ते आले होते, राहीबाई शेजारून भाकरी थापायला आली होती आणि मी घाबरून गेले होते. ज्या बाईच्या नावानं जेवण होतं तिच्याच चुलीवर मी रांधत होते. डाळ केली, भात केला, आणि तुझ्या बाबांनी आदल्या दिवशी सहज म्हटलं होतं की चंद्राला गाजर आवडे, म्हणून गाजराची भाजी केली. त्या घाबरगुंडीत पाणी नेहमीपेक्षाही जास्तच पडलं असेल. तू पंगतीत बसलीस, एक घास घेतलास, आणि पोटात बरं नाही म्हणून ताट सरकवलंस. राहीबाई म्हणालीसुद्धा, "काऊन व चंद्रे, खाऊन काऊन नाही राह्यली?" तू उठून परसात गेलीस. मी तुझं ताट उचललं आणि आत जाऊन जरा भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

दुपारी पाहुणे गेले, जे होते ते ओसरीवर आडवे झाले, माझाही डोळा लागला. उठून चहाला आत गेले तर चुलीवर गाजराचं पातेलं. त्यावरची ताटली उचलली तर तिच्यात पाणी! सगळं माझ्या पायावर सांडलं. खाली पातेल्यात पाहते तर तळाशी चार तुकडे चिकटलेले, बाकी सफाचट. आणि दारात राहीबाईचा तो लाल बोका, मिशा चाटत. झालं, माझं डोकं फिरलं. उंबऱ्यापासून अंगणापर्यंत झाडू घेऊन त्याच्या मागे धावले, त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या, "मेल्या, मेलेल्या मानसाच्या नावाचं बी सोडत नाही का रे!" तू तेव्हा ओसरीवर पिशवी भरत होतीस. मान खाली घालून, एकेक साडी दोनदोनदा घडी करत. बोक्यानं मार खाल्लेला तू मुकाट पाहिलास हो चंद्रा. मग तुझ्या बाबांनी तुला बसवर सोडलं.

संध्याकाळी राहीबाई आली ती भांडायलाच. माझ्या बोक्याला का मारलं म्हणून. मी सगळं सांगितलं, पातेलं पुढे केलं, तर ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बोका काय खाऊन परत झाकन लावून जाते काय व, रुख्मिने?" खरंच की. बोका झाकण लावत नाही, झाकणात पाणीही ओतत नाही. मग मी नीट पाहिलं. चुलीपाशी लसणाची सालं पडली होती, जी माझी नव्हती. तळाशी राहिलेला तुकडा तोंडात टाकला, तर त्यात माझं पाणीच नव्हतं. कुणीतरी ते पाणी आटवून, लसूण तळून, वर तीळ कुटून घालून भाजी नव्यानं केली होती. आणि ती ताटली. ती वरच्या फळीवरची, खोलगट, काठावर ठिपक्याठिपक्यांनी 'चंपाबाई' असं तुझ्या आईचं नाव घातलेली. मी या घरात आल्यापासून त्या ताटलीला हात लावला नव्हता. बाकीची भांडी वापरायची, पण ती एक मला भिववायची, म्हणून वरच राहू दिली होती. ती फळीवरून काढणारं माणूस घरात एकच होतं.

मी तुझ्या बाबांना एवढंच विचारलं की झाकणावर पाणी कशाला ठेवतात. ते वाचत होते, वर न बघता म्हणाले, "चंपा ठेवे. भाजी तिच्याच पान्यात शिजते म्हनायची." मग त्यांनी वर पाहिलं. माझ्या हातात ती ताटली होती. त्यांना सगळं समजलं असावं. मी ताटली धुवायला घेतली. मला त्या रात्री राग आला होता, हे तुझ्यापासून लपवत नाही. वाटलं, एवढं रांधते, राबते, आणि पोरीनं माझी भाजी पालटून खाल्ली. दुसऱ्या दिवशी अंगण झाडताना तो राग कुठे गेला कोण जाणे. डोळ्यांपुढे सारखी तूच येत होतीस, चोरासारखी आपल्याच आईच्या स्वयंपाकघरात, कान दाराकडे लावून. मला एवढं रडू आलं की राहीबाईला वाटलं बोक्यासाठीच रडते आहे.

तेव्हापासून मी गाजर तसंच करते. लोखंडी कढईत तेल, मोहरी, ठेचलेला लसूण तांबूस होईपर्यंत, एक सुकी मिरची, हळद. गाजराचे तिरपे काप टाकून मीठ घालायचं आणि हलवायचं. पाण्याचा थेंब घालायचा नाही. मला तेव्हा आपले हात पदरात बांधून ठेवावेसे वाटतात. वर खोलगट ताटली, ताटलीत पाणी, खाली जाळ मंद. आतली वाफ गार ताटलीला लागते, थेंब होऊन परत भाजीवरच पडते, आणि गाजर आपल्याच रसात गोड होत जातं. खाली लागू लागलं तरच ताटलीतलं गरम पाणी थोडं शिंपडायचं. उतरवताना भाजलेल्या तिळाचा कूट. पहिल्यांदा जमली त्या दिवशी तुझ्या बाबांनी घास घेतला आणि अर्ध्या ताटावरून उठून हात धुवायला मोरीत गेले. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. परत आले, बसले, आणि आणखी एक भाकर मागितली. त्या दिवशी "बेस झालं" म्हणाले नाहीत. पण काहीतरी राहतं अजून, चंद्रा. मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळतं. काय राहतं ते त्यांना सांगता येत नाही. चिमूटभर गूळ असेल का? लसूण आधी की मोहरी आधी? मी अंदाजानं करत राहते.

'तिकडे माझं कोण आहे' ही तुझी ओळ ऐकल्यावर मी त्यांना म्हटलं होतं की मी भावाकडे तामसीला जाते, चंद्राचं बाळंतपण होऊन ती परत जाईपर्यंत तिकडेच राहते, राहीबाई आहे मालिश करायला, म्हणजे पोर मोकळेपणानं येईल. मी मनापासून म्हटलं, रुसून नाही. ते तसेच कार्यालयात निघून गेले. संध्याकाळी चहा पिताना एकदम म्हणाले, "तू गेली तं मंग लेकराले आंगोळ कोन घालन, मी?" आता त्यांनी अंघोळ घातलेलं लेकरू कसं निघेल, हा विचार करून आम्ही दोघंही हसलो. आदिलाबादच्या दवाखान्यात तुझं नाव घालून ठेवायचं, जीप कुणाची सांगायची, हे सगळं मग तेच बोलत राहिले, जणू तू येणार हे ठरलेलंच आहे. त्यांना थांबवायचा धीर मला झाला नाही.

तर गाजराचं पत्र इथं संपलं, आणि ते का लिहिलं ते तुला आतापर्यंत कळलंच असेल. तिकडे माझं कोण आहे, असं विचारलंस. मी तुझ्या आईच्या जागी आहे असं म्हणणार नाही, त्या जागेवर तिचीच ताटली आहे, आणि ती आता मी वरच्या फळीवर ठेवत नाही, हाताशी ठेवते. पण तुझ्या आईच्या भाजीची चव माहीत असलेली माणसं दोनच, त्यातल्या एकाला सांगता येत नाही आणि दुसरी पांढरकवड्याला बसून गाईला गाजर घालते. मी अंदाजानं किती दिवस करू? तू ये, चूल मी पेटवते, तू फक्त चाखून सांग काय राहतं ते. मला आई म्हणावं असं नाही. पत्राच्या शेवटी बाबांना लिहितेस ना, 'त्यांना नमस्कार', ते 'त्या' मला चालतं, सवय झाली आहे. तुझे बाबा रविवारी पहिल्या बसनं तुला आणायला निघणार आहेत, मी त्यांना नको म्हटलेलं नाही. बोक्याची चिंता करू नकोस, त्याचं-माझं जमलं आहे. एवढं एक मात्र ऐक माझं. त्या दिवशी तू उभ्याउभ्याच खाल्लं असशील. या वेळी मी चुलीपाशी पाट मांडून ठेवते, झाकणावर पाणी ठेवते, आणि लागलं तर बाहेर जाऊन उभी राहते. तू बसून जेव, बाई.

तुझीच,
'त्या'